तिसऱ्या चढाईतला पाय

कबड्डीत नाव चढाई करणाऱ्याचं होतं. पोस्टरवर तो, मुलाखतीत तो, शाळेच्या गॅदरिंगला पाहुणा म्हणून तो. कोपऱ्यात जो उभा असतो त्याला लोक विचारतात, "तुम्ही पण खेळता का?" मी सोळा वर्षं डाव्या कोपऱ्यात उभा आहे. माझं काम एकच. समोरचा आत येईपर्यंत गप्प राहायचं, पाय टप्प्यात आला की घोट्यावर झडप घालायची आणि बाकीची माणसं मदतीला येईपर्यंत सोडायचं नाही. घाई केली की तो निसटतो, उशीर केला की हात लावून जातो. म्हणून कोपऱ्यातला माणूस हळूहळू डूख धरणारा होतो. निदान मी तरी झालो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

माझा डूख एकाच माणसावर होता. त्याचं नाव विहंग, आणि तो माझ्या आईच्या हातची भाकर खाऊन मोठा झाला.

विहंगचे वडील कोराडीच्या वीजकेंद्रात कारकून होते. तिथल्या कॉलनीतली पोरं क्रिकेट खेळायची, म्हणून हा दोन बस बदलून हुडकेश्वरला आमच्या मंडळात यायचा. तेव्हा हुडकेश्वरमध्ये घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते आणि त्यांतल्याच एका प्लॉटवर दादाजी आम्हाला शिकवायचे. परतीची बस चुकली की विहंग आमच्याकडे राहायचा. माझी आई, इंदुताई, त्याच्या ताटात माझ्यापेक्षा एक पाटवडी जास्त टाकायची. "लेकराचं घर लांब हाय," असं म्हणायची. माझं घर जवळ होतं, एवढाच माझा गुन्हा.

पाच वर्षं तो माझ्यावर चढाई करत होता आणि मी त्याला पकडत होतो. तो डावीकडे बघून उजवीकडे हात मारतो हे मला ठाऊक होतं. मी झडप घालण्याआधी श्वास रोखतो हे त्याला ठाऊक होतं. इतकं तर आता माझ्या बायकोलाही माझ्याबद्दल ठाऊक नाही.

आमच्या मंडळात एक पद्धत होती. निवड चाचणीला शे-दीडशे पोरं येतात आणि निवडणारे खुर्चीत बसून पेंगत असतात. प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सात मिनिटं. त्यात चमकला तर चमकला, नाही तर घरी. म्हणून एकाच मंडळातली दोन पोरं समोरासमोर आली की आधी ठरवून घ्यायची. पहिल्या दोन चढाया चढाईवाल्याच्या, तिसरी पकडणाऱ्याची. तिसऱ्या चढाईत त्यानं पाय क्षणभर जास्त ठेवायचा, आपण तो घ्यायचा. दोघंही खुर्चीवाल्यांच्या डोळ्यांत भरतात. याला आम्ही वाटून खेळणं म्हणायचो. चूक की बरोबर हे दादाजींनी कधी सांगितलं नाही. फक्त एवढं सांगायचे की ठेवतो म्हटला तर पाय ठेवायचा.

अकरा वर्षांपूर्वी मानकापूरच्या स्टेडियममध्ये लीगमधल्या एका संघाची चाचणी झाली. मी बाविसाचा, विहंग तेविसाचा. बसमध्येच आमचं ठरलं. पहिल्या चढाईत मी हात जरा पुढे ठेवला, त्यानं लावला. दुसऱ्या चढाईत मी मागे सरकलो, त्यानं आतल्या रेषेपलीकडे पाय टाकून बोनसचा गुण घेतला. खुर्चीवाले सरसावून बसले. तिसऱ्या चढाईत ठरल्याप्रमाणे तो माझ्या कोपऱ्यात आला, ठरल्याप्रमाणे उजवा पाय पुढे टाकला. मी श्वास रोखला आणि झेपावलो.

पाय तिथे नव्हता. तो माझ्या पाठीवरून उडाला. माझं तोंड मॅटवर आपटलं, समोरचा दात तुटला, खांद्याचं हाड मोडलं. मला आवाज ऐकू आला तो टाळ्यांचा.

ती उडी कोणीतरी मोबाइलवर घेतली होती. महिनाभरात ती लाखो लोकांनी पाहिली. विहंगला त्याच संघानं घेतलं, आणि पुढची नऊ-दहा वर्षं लीगमध्ये त्याचं नाव पुकारलं की मोठ्या पडद्यावर आधी ती उडी दाखवायचे. एक सडपातळ देखणा पोरगा हवेत, आणि त्याच्या खाली पालथा पडलेला कोणीतरी. तो कोणीतरी मी. लग्न ठरायच्या आधी भूमिकानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला पहिल्यांदा पाहिलं ते तसं, पालथा. तिच्या भावानं तिला फोनवर दाखवलं होतं की हाच मुलगा, खालचा. तरी तिनं होकार दिला, हे तिचे उपकार.

विहंग मला बघायला दवाखान्यात आला नाही. फोनही नाही. धंतोलीतल्या डॉक्टरनं बसवलेला दात बाकीच्या दातांपेक्षा जरा जास्त पांढरा आहे. रोज सकाळी ब्रश करताना मला विहंगची आठवण यायची. एखाद्याला देवाचीही इतकी नेमानं येत नसेल.

मी संपलो नाही. तसा बरा झालो, एका सरकारी खात्याच्या संघात लागलो आणि सव्विसाव्या वर्षी लीगमध्ये पोचलोच. पहिला हंगाम बाकावर काढला. पुढचे चार हंगाम खेळलो, दोन संघांकडून. दीडशेच्या आसपास माणसं घोट्याला धरून पाडली. माझ्या तावडीतून सुटलेले फार थोडे, आणि सुटलेल्यांचीही नावं मला पाठ आहेत. त्या वर्षांत विहंगच्या संघाशी सहा सामने झाले. सहाही वेळा मी ठरवून गेलो की आज याला मॅटमध्ये गाडतो. सहाही वेळा तो आमच्या उजव्या कोपऱ्याकडेच खेळला. माझ्या कोपऱ्याकडे फिरकलाच नाही. कोपऱ्यातला माणूस कोपरा सोडून शोधायला जाऊ शकत नाही, हे त्याला नीट माहीत होतं. मी तिथे उभा राहून त्याच्या पायांकडे बघत राहायचो, आणि तो तिकडे दुसऱ्याच कोणाला तरी हात लावून परत जायचा.

दोन वर्षांपूर्वी लीगनं मला सोडलं. पुढच्याच हंगामात विहंगचा उजवा गुडघा गेला. ही बातमी मला देवरावनं दिली. देवराव मंडळात माझ्या बाजूला उभा राहणारा गडी, मी घोटा धरला की वरून कोसळणारा, नव्वद टक्के छाती आणि दहा टक्के माणूस. बातमी ऐकून मी त्याला रसवंतीवर नेऊन उसाचा रस पाजला. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

आणि मग या जानेवारीत, एका रविवारी सकाळी, विहंग माझ्या दारात उभा राहिला.

"काय गा दुर्गेश, ओळखलं का?"

"ये," मी म्हणालो.

आईनं आतूनच आवाज ओळखला. बाहेर येऊन त्याच्या गालावरून हात फिरवला, वाळला रे बाप्पा म्हणाली, आणि भूमिकाला पोह्यांवर तर्री जरा जास्त घालायला सांगितली. तो वाळला वगैरे काही नव्हता. चांगला सुटला होता.

"पुढच्या रविवारी तुमच्या मंडळाची स्पर्धा हाय न," पोहे खात तो म्हणाला. "मी कोराडीकडून खेळून राहिलो. कृष्णकांत सर येऊन राहिले पाहाले."

कृष्णकांत सर म्हणजे लीगमधल्या एका संघाचे प्रशिक्षक. त्यांचा एक चढाईपटू हंगामाच्या मध्येच जायबंदी झाला होता आणि उरलेल्या सामन्यांसाठी त्यांना एक जुना, जाणता माणूस हवा होता. हे मलाही माहीत होतं.

"शेवटचा चान्स हाय माझा," विहंग म्हणाला. "यावर्षी नाही घेतलं तं मग कोणी विचारत नाही. तुले तं माहीतच हाय."

"मग?"

त्यानं बशी खाली ठेवली. "वाटून खेळू. पहिल्या दोन मले दे. तिसरीत मी पाय ठेवतो."

माणसाला लाज नसावी तरी किती. अकरा वर्षांपूर्वी ज्या कागदावर सही करून मला लुटलं, तोच कागद घेऊन परत आला होता. आणि आईसमोर, आमच्याच बशीत पोहे खात.

"गुडघा कसा हाय?" मी विचारलं.

"ऑपरेशन झालं न, धंतोलीत. आता बरा हाय. हात मारता येते, बोनस घेता येते. चालून जाते."

उडीचं नाव त्यानं काढलं नाही. मी मनात म्हटलं, लपव लेका. उडी दाखवायलाच तर येतो आहेस. कृष्णकांत सर काय तुझा बोनस बघायला येणार आहेत? ज्या उडीनं नाव केलं तीच उडी त्याच माणसाच्या पाठीवरून पुन्हा मारणार, टाळ्या घेणार, आणि मी पुन्हा पालथा. सगळं मला स्वच्छ दिसलं.

"दुर्गेश, त्या दिवशी मानकापूरले जे झालं..." त्यानं सुरुवात केली.

"जुनं काहून काढतं?" मी मध्येच तोडलं. "जमलं समज. पहिल्या दोन तुह्या."

त्यानं माफी मागितली असती तर माझी पंचाईत झाली असती. मला माफी नको होती. मला तो हवा होता, सबंध, माझ्या कोपऱ्यात, स्वतःच्या पायांनी आलेला.

तो निघाला. आमच्या ओट्याला चार पायऱ्या आहेत. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत तो उतरला. मी दारात उभा राहून त्याचा उजवा गुडघा बघत होतो. माझ्या मागे भूमिकाही उभी होती.

दुसऱ्या दिवशी सरावानंतर मी देवरावला बाजूला घेतलं. "तिसऱ्या चढाईत तो पाय पुढे टाकन आणि उडी मारन. मी खाली जाणारच नाही. उभा राहीन. तो हवेत असतानाच कमरेले मिठी मारून आडवा पाडतो. तू वरून ये आणि उजव्या गुडघ्यावर बस."

देवराव बुटाची नाडी बांधत होता. "उजव्या? त्याचंच तं ऑपरेशन झालं न, भाऊ?"

"म्हणूनच."

तो बराच वेळ नाडी बांधत बसला. मग म्हणाला, "तुमी म्हणाल तसं."

मी काय ठरवत होतो हे मला पक्कं कळत होतं. रागाच्या भरात केलं असं मी म्हणणार नाही. त्या गुडघ्यावर देवराव बसला असता तर विहंग पुन्हा कधीच मॅटवर आला नसता, कदाचित स्वतःच्या मुलाला खांद्यावरही घेऊ शकला नसता. मला तेच पाहिजे होतं. आणि ते सगळं मोबाइलवर यायला पाहिजे होतं. नवी उडी, नवा पडलेला. मंडळाच्या पोरांना मी मुद्दाम सांगून ठेवलं की विहंगची एकही चढाई सोडू नका, सगळं शूटिंग करा.

देवरावनं त्याच्या घरी बायकोला सांगितलं असणार आणि तिनं भूमिकाला, कारण तिसऱ्या दिवशी भूमिका मला म्हणाली, "त्याले पकडा, चांगला पकडा. पण गुडघ्याले काही करू नका. त्याले बी माय हाय."

"माझा दात गेला तेव्हा मलेही माय होती," मी म्हणालो. भूमिका कणीक मळत होती, ती जरा जास्तच मळली.

रविवारी सकाळी वजनं झाली. आमच्यात हा एक वेगळाच तमाशा असतो. पंच्याऐंशी किलोच्या वर काटा गेला की माणूस बाद, मग तो कोणीही असो. मोठमोठे गडी चड्डीवर रांगेत उभे असतात आणि एकेकाची पोटं आत ओढलेली. विहंग काट्यावर चढला. पंच्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम. वजन घेणाऱ्यानं सांगितलं, एक तास आहे, उतरवून या.

विहंगचा चेहरा पांढरा पडला. आमच्याकडे अशा वेळी पोरं रेनकोट घालून उन्हात धावतात आणि तोंडात चिंच धरून थुंकत राहतात. घाम आणि थुंकी मिळून अर्धा-पाऊण किलो जातो. पण तो धावू शकत नव्हता. दोन पावलं पळून बघितली आणि थांबला.

मी गाडीच्या डिकीतून माझा रेनकोट काढून त्याला दिला. टपरीवरून चिंच आणली. "चाल," म्हटलं, "धावू नको, जोरात चाल. मी हाओ सोबत." मैदानाला आम्ही चकरा मारत होतो, तो लंगडत आणि थुंकत, मी बाजूला. लोक बघत होते. दादाजी आता थकले आहेत, झाडाखाली खुर्ची टाकून बसतात, त्यांनी आम्हाला दोघांना सोबत बघून डोळे पुसले. त्यांना काय वाटलं असेल ते वाटो. मला एवढंच माहीत होतं की हा वजनातच बाद झाला तर माझी अकरा वर्षं पाण्यात. त्याच्यासाठी इतक्या काळजीनं त्याच्या आईनंही चकरा मारल्या नसत्या.

चौथ्या चकरेला तो म्हणाला, "पाय ठेवीन मी. तिसरीत."

"ठेव न," मी म्हणालो.

काटा पंच्याऐंशीच्या शंभर ग्रॅम खाली थांबला. विहंगनं मला मिठी मारली. ओल्या रेनकोटचा वास आला. "तू नसता तं गेलो असतो गा," तो म्हणाला. मी त्याची पाठ थोपटली.

सामना दुपारी चार वाजता सुरू झाला. मैदान गच्च होतं. समोरच्या रांगेत कृष्णकांत सर, पांढरी टोपी, मांडीवर वही. आई आणि भूमिका बायकांच्या बाजूला.

पहिली चढाई. विहंग दम घुमवत आत आला, कबड्डी, कबड्डी, तोच आवाज, जरा जड झालेला. डावीकडे बघितलं आणि उजवीकडे हात मारला. मी हात तिथे ठेवला होता. त्याची बोटं माझ्या मनगटाला लागली आणि तो मागे गेला. मी बाद होऊन बाहेर बसलो. मागून कोणी तरी म्हणालं, "बुढा झाला गा दुर्गेश." ऐकून घेतलं. कृष्णकांत सरांनी वहीत काही लिहिलं.

दुसरी चढाई. आमच्या गुणावर मी पुन्हा आत आलो होतो. मी मागे सरकलो. त्यानं बोनस घेतला, नीट घेतला, पाय टाकण्यात अजून जुनी सफाई होती. टाळ्या पडल्या. सर पुन्हा लिहीत होते. मी म्हटलं, लिहा सर, वही भरून लिहा, थोडं पान शिल्लक ठेवा फक्त.

उत्तरार्धात सामना बरोबरीत होता तेव्हा तो तिसऱ्यांदा आला. माझ्या डाव्या बाजूला रेषा, उजव्या हातात देवरावचा हात. त्याचा पंजा घामानं ओला होता. मी तो एकदा दाबून सोडला, म्हणजे तयार राहा.

विहंग सरळ माझ्या कोपऱ्याकडे आला. लीगमधल्या सहा सामन्यांत आला नाही तो, मोजून चार पावलं टाकत आला. उजवा पाय पुढे केला आणि माझ्यासमोर ठेवला.

मी श्वास रोखला नाही. खाली गेलो नाही. गुडघे जरा वाकवून, दोन्ही हात मोकळे ठेवून उभा राहिलो. मार उडी, म्हटलं. मार.

पाय तिथेच होता.

निळी पट्टी बांधलेला घोटा, माझ्या हातापासून वीतभर. मी त्याच्या खांद्याकडे बघत होतो, कारण उडायच्या आधी खांदे वर जातात. खांदे वर जात नव्हते. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. बाहेरून कोणी ओरडलं, "पकड बे." बाजूला देवराव कोसळायला टपून उभा होता. तो माझ्या इशाऱ्याची वाट बघत होता, मी उडीची वाट बघत होतो, आणि विहंग माझ्या तोंडाकडे बघत होता. चढाई करणाऱ्याला दुसरा शब्द बोलता येत नाही. दम तुटला की तो बाद. त्यामुळे जे काही सांगायचं ते तो डोळ्यांनी सांगत होता आणि तोंडानं कबड्डी म्हणत होता.

मला तो डाव वाटला. आता उडेल, मी हललो की उडेल. मी हललो नाही.

चढाईच्या घड्याळात दहा सेकंद उरले, मग सात. त्यानं पाय तसूभर आणखी पुढे सरकवला. माझ्या अंगठ्याला त्याच्या बुटाचं टोक लागायचंच बाकी होतं. त्यानं नुसता हात लांब केला असता तर मी बाद झालो असतो. खांबासारखा समोर उभा होतो. त्यानं हात लांब केला नाही. मागे वळून परत गेला असता तरी चढाई रिकामी गेली असती, एवढंच. तो मागेही वळला नाही. कबड्डी, कबड्डी, आवाज बारीक होत गेला, आणि शिट्टी वाजली. तीस सेकंद संपले. वेळेत परत न गेल्यामुळे विहंग बाद.

मैदानात आधी कोणाला काहीच कळलं नाही. मग हसू फुटलं, ते पसरत गेलं. कोणी म्हणालं, झोपला का. कोणी म्हणालं, दोघेही झोपले. देवराव पाय सरळ करून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं, आणि त्याचा मला राग आला.

कृष्णकांत सरांनी वही मिटली. सामना संपायची वाट न बघता ते टोपी सारखी करत गाडीकडे गेले. विहंगनं बाहेरच्या बाकावरून त्यांना जाताना पाहिलं. मीही कोपऱ्यातून पाहिलं.

सामना आम्ही जिंकलो. मी हात न मिळवताच बाहेर आलो, तर विहंग गुडघ्यावर बर्फ धरून बसला होता. माझा रेनकोट घडी करून बाजूला ठेवला होता. तो त्यानं माझ्याकडे दिला.

"हात काहून नाही लावला?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि मला इतका राग आला होता की आवाज फाटला.

"ठेवतो म्हटला होता न," तो म्हणाला. "यावेळी ठेवला होता गा." मग उठला, आईच्या पाया पडला आणि लंगडत बस स्टॉपकडे गेला.

त्याचं वाटोळं झालं होतं. जे मला हवं होतं ते सगळं झालं होतं. शेवटचा चान्स गेला, भरल्या मैदानात हसं झालं, सगळ्यांच्या फोनमध्ये ते आलं. आणि त्यातलं काहीच मी केलेलं नव्हतं. घोटा माझ्या हाताखाली होता आणि मी त्याला स्पर्शही केला नव्हता. माझा सूडसुद्धा त्यानंच उरकला, आणि जाताना रेनकोटची घडी करून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती क्लिप गावभर फिरली होती. भूमिका चहा घेऊन ओट्यावर आली, माझ्या शेजारी बसली आणि फोन पुढे धरला. दोन माणसं समोरासमोर उभी, मध्ये एक पाय. कोणी तरी खाली हसायचं संगीत टाकलं होतं. तिनं ते बंद केलं आणि क्लिप पुन्हा लावली.

"पाय तं समोरच हाय," ती म्हणाली. "घेतला काहून नाही तुम्ही?"

"मले वाटलं, तो उडी मारन."

तिनं फोन मांडीवर ठेवला. मग समोर बघितलं, आमच्या ओट्याच्या चार पायऱ्यांकडे.

"कोण?" ती म्हणाली. "जो इथून कठडा धरून उतरला, तो?"

माझ्या हातातला चहा निवून गेला. क्लिप आपोआप पुन्हा सुरू झाली होती, आणि तिच्यात मी उभा होतो, गुडघे वाकवून, हात मोकळे ठेवून, वर बघत.